यू-टर्न नक्की कुठे घेता येतो? पाटी नसली म्हणजे परवानगी असते का?

आनंदनगरी

गेल्या आठवड्यातील एका प्रसंगामुळे हा धागा काढत आहे. माझ्या मुलीकडे चारचाकीचा शिकाऊ परवाना आहे. क्लासचे तास संपले असले तरी हात बसावा म्हणून रोज संध्याकाळी मी तिला आमची जुनी हॅचबॅक चालवायला देते आणि स्वतः शेजारी बसते. गाडीला पुढेमागे लाल ‘एल’ लावलेला असतो आणि माझा स्वतःचा परवाना २५ वर्षांपूर्वीचा आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण येथे पहिला प्रतिसाद त्यावरच येईल याची मला खात्री आहे.

कोथरूडमधील एका चौकात आम्हाला परत फिरायचे होते. दुभाजक चौकाशी संपत होता, यू-टर्नला मनाई करणारी पाटी कुठेही दिसत नव्हती आणि आमचा सिग्नल हिरवा होता. मुलीने उजवा इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली. समोरच्या बाजूचा सिग्नलही त्याच वेळी सुटलेला असतो, हे तिच्या लक्षात आले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही आले नाही. समोरून येणाऱ्या एका गृहस्थांनी स्कूटरचा ब्रेक करकचून दाबला. ते पडले नाहीत, परंतु हँडलला अडकवलेली पिशवी तुटली आणि त्यातली लिंबे आमच्या गाडीखाली गडगडत गेली. त्यांनी आधी शांतपणे लिंबे गोळा केली आणि मगच बोलायला सुरुवात केली.

त्यानंतर जमलेल्या मंडळींकडून आम्हाला तीन वेगवेगळे कायदे ऐकायला मिळाले. पाटी नसेल तर यू-टर्न चालतो, असे एकाचे मत होते, आणि मुलीच्या क्लासमध्येही तिला हेच शिकवले होते. सिग्नल असलेल्या चौकात यू-टर्न कधीच चालत नाही, असे दुसऱ्याने ठासून सांगितले. जेथे उजवीकडे वळता येते तेथे परतही फिरता येते, असे तिसऱ्याचे म्हणणे होते. यांतले खरे कोणते, हे जाणकारांनी सांगावे.

सदाशिवपेठी

तिघांचेही म्हणणे अर्धवट बरोबर आहे, आणि रस्त्यावर घात होतो तो अशा अर्धवट बरोबर समजुतींमुळेच. म्हणून मुळापासून लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातील कलम ११८ नुसार वाहन कसे चालवावे याचे नियम केंद्र सरकार करते. असे पहिले नियम १९८९ मध्ये आले. यू-टर्नचा नियम त्यांत जेमतेम दोन वाक्यांचा होता. जेथे यू-टर्नला खास मनाई आहे तेथे, तसेच वर्दळीच्या रस्त्यावर, चालकाने यू-टर्न घेऊ नये. आणि जेथे मुभा आहे तेथे उजवीकडे वळताना करतात तसा हाताने इशारा करून, आरशात मागचे पाहून, सुरक्षित असेल तेव्हाच वळावे, असा त्याचा आशय होता. या पहिल्या वाक्यातील ‘तसेच’ हा शब्द आपण सगळे विसरलो. मनाईची पाटी हे एक कारण झाले. वर्दळ हे दुसरे कारण आहे, आणि त्यासाठी पाटीची गरज नसते.

२०१७ मध्ये हे नियम बदलून वाहन चालविण्याचे नवे विनियम लागू झाले. त्यांत यू-टर्नविषयी अधिक तपशिलाने लिहिले आहे, पण गाभा तोच आहे. पाटीने किंवा सिग्नलने मनाई असेल तेथे वळू नये, सलग वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर वळू नये, आणि येणारी वाहने स्पष्ट दिसत नसतील किंवा वळताना त्यांचा मार्ग अडणार असेल तर वळायला सुरुवातच करू नये. रस्त्यावर मधोमध अखंड रेषा आखली असेल तर ती ओलांडून वळता येत नाही, मग बाजूला खांबावर पाटी असो वा नसो.

आता तुमच्या चौकाविषयी. सिग्नलला हिरवा बाण असेल तर त्याच दिशेला जायचे असते, त्यामुळे नुसत्या सरळ बाणावर यू-टर्न घेणे चूकच. गोल हिरवा दिवा असेल तर जेथे मनाई नाही तेथे वळता येते, परंतु सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. वळणारा थांबतो आणि सरळ जाणारा जातो. लिंबे त्या गृहस्थांची सांडली असली तरी चूक तुमच्याच बाजूची होती, हे स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

चक्रधर

सदाशिवपेठी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु एका ठिकाणी माझा आक्षेप आहे. ‘वर्दळीचा रस्ता’ म्हणजे नक्की काय? पुण्यात सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत वर्दळ नसलेला रस्ता कोणता, हे कोणी दाखवून द्यावे. नियम असा सैल लिहिला की त्याचा अर्थ चौकात उभ्या असलेल्या मामांच्या मर्जीवर अवलंबून राहतो. सकाळी ज्या ठिकाणी सगळे बिनदिक्कत वळतात त्याच ठिकाणी महिनाअखेरीस पावती फाडली जाते, असा माझा अनुभव आहे. मनाई करायची असेल तर पाटी लावावी, नसेल तर वळू द्यावे. नागरिकाने रस्त्याची वर्दळ मोजत बसावे, ही अपेक्षा मला पटत नाही.

सदाशिवपेठी

चक्रधर, महिनाअखेरीचा मुद्दा मी सोडून देतो. सैल शब्दाविषयीचा आक्षेप मात्र योग्य आहे, फक्त त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. नियम सैल आहे तो मुद्दाम, कारण पहाटे पाच वाजता जो रस्ता मोकळा असतो तोच संध्याकाळी सात वाजता तुंबलेला असतो, आणि प्रत्येक तासाची पाटी लावता येत नाही. म्हणून निर्णय चालकावर सोपवला आहे. ‘माझ्या वळण्यामुळे कोणाला ब्रेक दाबावा लागेल का?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा. उत्तर ‘हो’ असेल तर त्या क्षणापुरता तो रस्ता वर्दळीचा आहे.

दंडाविषयी कोणीतरी विचारणारच, म्हणून लिहून ठेवतो. पाटी न पाळणे हा कलम ११९ चा भंग आहे आणि त्याला कलम १७७ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. वर सांगितलेल्या विनियमांचा भंग केल्यास कलम १७७ अ लागू शकते, त्यात किमान ५०० आणि कमाल १००० रुपये आहेत. रक्कम मोठी नाही. परंतु वळताना अपघात झाला तर मग हिशोब दंडाचा राहत नाही.

दुभाजक

माझे सदस्यनाम पाहून कोणी हसू नये, रस्त्यांची आखणी हाच माझा व्यवसाय आहे. कायद्याचे वरती झाले आहे, म्हणून मी फक्त मोजमापाचे लिहितो. यू-टर्न घेताना आपली गाडी किती जागा खाते, याची बहुतेकांना कल्पना नसते असे मी रोज पाहतो.

लहान हॅचबॅकची वळण-त्रिज्या साधारण ४.८ मीटर असते. म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी परत फिरली की बाहेरच्या चाकाने ९.६ मीटर रुंदीचा वळसा घेतलेला असतो. आता दोन्ही बाजूंना दोन-दोन मार्गिका असलेला रस्ता डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मार्गिका ३.५ मीटर आणि मध्ये १.२ मीटरचा दुभाजक आहे, असे धरू. तुम्ही शिस्तीने उजव्या मार्गिकेत, दुभाजकापासून अर्धा मीटर सोडून उभे आहात, तर तुमचे डावे चाक दुभाजकापासून सुमारे २.२ मीटरवर आहे. वळून झाल्यावर तेच चाक पलीकडच्या रस्त्यात ६.२ मीटर आत गेलेले असते. पलीकडचा रस्ता आहेच ७ मीटरचा. त्यामुळे ‘मी फक्त एका मार्गिकेत जाणार आहे’ असे वळणाऱ्याला वाटत असले तरी त्याची गाडी दोन्ही मार्गिका अडवते. मोठ्या गाडीची त्रिज्या ५.४ मीटर धरली तर हिशोब ७ मीटरच्याही बाहेर जातो. ती गाडी एका दमात वळतच नाही, आडवी थांबते, मागे घ्यावी लागते, आणि तोपर्यंत दोन्ही बाजूंचे हॉर्न सुरू झालेले असतात.

एका दमात वळता यावे म्हणून आपले लोक एक खास पुणेरी युक्ती करतात. ते आधी डावीकडे जातात आणि मग एकदम उजवीकडे कापतात. डाव्या मार्गिकेतून वळायला सुरुवात केली तर वरच्याच हिशोबाने गाडी पलीकडच्या पहिल्या मार्गिकेत अलगद बसते, त्यामुळे चालकाला आपण फार कौशल्याने वळलो असे वाटते. पण त्यासाठी त्याने आपल्याच बाजूने सरळ चाललेल्या उजव्या मार्गिकेपुढे गाडी आडवी घातलेली असते. यू-टर्नच्या ठिकाणी समोरून ठोकरण्याइतकाच मागून ठोकरण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

दुसरा हिशोब वेळेचा. थांबलेल्या स्थितीतून गाडी पूर्ण वळायला साधारण सहा सेकंद लागतात, नवशिक्याला त्याहून अधिक. ताशी ५० किलोमीटरने येणारे वाहन तेवढ्या वेळात ८३ मीटर पुढे येते, आणि ताशी ४० ने येणारे ६७ मीटर. ‘लांब आहे, होऊन जाईल’ असे म्हणताना ते वाहन खरोखर किती लांब आहे, हे विजेचे खांब किंवा झाडे पाहून मनाशी ताडून पाहावे.

तिसरी गोष्ट चौकाची. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदण्याच्या, मिळण्याच्या आणि फुटण्याच्या मिळून ३२ जागा असतात, असे आमच्या शास्त्रात मोजतात. उजवीकडची वळणे चौकातून काढून पुढच्या यू-टर्नवर नेली की या जागा बऱ्याच कमी होतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ही पद्धत अनेक दशके वापरात आहे. आपल्याकडेही विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडल्यानंतर, काम चालू असताना, सरळ उजवीकडे न सोडता पुढे जाऊन वळून या, अशा व्यवस्था लोकांनी अनुभवल्या आहेत. लोक त्यावर चिडतात, पण चौकातील यू-टर्न बंद करून शंभर-दोनशे मीटर पुढे दुभाजकात छेद देण्यामागे हे कारण असते. मात्र तो छेद देताना उजवीकडे थांबणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी जागा काढली पाहिजे. ती न काढता नुसता दुभाजक फोडला तर चौकातला गोंधळ फक्त पुढे सरकतो.

स्टिअरिंगमागे

मी ३१ वर्षे बस चालवली आणि आता निवृत्त आहे. दुभाजक साहेबांनी मोटारीचा हिशोब छान मांडला आहे. बारा मीटरच्या बसला परत फिरायला २० मीटरहून जास्त रुंदी लागते, म्हणून बस सहसा यू-टर्न घेत नाही, गल्लीतून किंवा चौकाला वळसा घालून परत येते. बस उजवीकडे वळते तेव्हा तिचे शेपूट डावीकडे फिरते, हे दुचाकीवाल्यांनी कायम लक्षात ठेवावे आणि वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला चिकटून उभे राहू नये.

ताईंच्या मुलीला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की दुभाजकाच्या छेदापाशी वाट पाहत थांबताना पुढची चाके सरळ ठेवावीत. बहुतेक जण थांबल्या जागी स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवून ठेवतात, म्हणजे वाट मोकळी झाली की लगेच निघता येते. अशा वेळी मागून कोणी धक्का दिला तर गाडी सरळ न जाता समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. चाके सरळ असतील तर ती आपल्याच बाजूला पुढे सरकेल. हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

दुसरी गोष्ट अशी की आपण उजवा इंडिकेटर देऊन थांबलो की आपल्या आणि दुभाजकाच्या मधल्या हातभर जागेतून दुचाकी घुसते आणि आपल्या आतून वळते. ती मधल्या आरशात दिसत नाही, आणि उजव्या आरशातही अगदी शेवटी दिसते. म्हणून ब्रेकवरून पाय काढण्याआधी मान फिरवून उजव्या खिडकीतून मागे पाहावे. आरशावर भरवसा ठेवू नये.

सान_होजेकर

मूळचा एरंडवण्याचा, सध्या कॅलिफोर्नियात आहे. येथे आल्यावर मला यू-टर्नचा नियम पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला. येथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे यू-टर्न डावीकडून घेतात. पाटीने मनाई नसेल तर सिग्नलच्या चौकात हिरव्या दिव्यावर यू-टर्न घेता येतो. दुकाने-कचेऱ्यांच्या भागात तो फक्त चौकात किंवा दुभाजकाच्या छेदातच घ्यायचा असतो. राहत्या वस्तीत, सिग्नल नसेल तेथे, दोन्ही बाजूंनी २०० फुटांच्या आत कोणतेही वाहन येत असेल तर वळायचे नाही. २०० फूट म्हणजे ६१ मीटर. वरती दुभाजक यांनी ताशी ४० किलोमीटरसाठी ६७ मीटर काढले आहेत, ते वाचून हा आकडा कोठून आला असावा याचा मला उलगडा झाला.

गंमत अशी की येथून वर ऑरेगन राज्यात गेलो की नियम उलटा होतो. तेथे सिग्नलच्या चौकात यू-टर्नला मुभा देणारी पाटी असेल तरच वळता येते, नसेल तर मनाई समजायची. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्येही तसेच आहे. म्हणजे ‘पाटी नाही’ याचा अर्थ एका ठिकाणी ‘वळा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वळू नका’ असा होतो. मला स्वतःला ऑरेगनची पद्धत पुण्यासाठी अधिक योग्य वाटते. मोजक्या ठिकाणी ‘येथे वळावे’ अशी पाटी लावणे हे शेकडो ठिकाणी ‘वळू नये’ अशी पाटी लावण्यापेक्षा सोपे आहे.

चक्रधर

आणि त्या मोजक्या पाट्यांवर दुसऱ्याच दिवशी वाढदिवसाचे फ्लेक्स लागतील, त्याचे काय? तरीही कल्पना चांगली आहे, हे कबूल करतो.

हेल्मेटधारी

मी दुचाकीवाला आहे आणि येथे थोडी कबुली देणार आहे. आमच्या सोसायटीचे फाटक एका मोठ्या रस्त्यावर उघडते आणि आम्हाला जायचे असते उजवीकडे. पूर्वी फाटकासमोरच दुभाजकात छेद होता, तो काही वर्षांपूर्वी बंद झाला. आता नियमाने जायचे तर डावीकडे वळून ९०० मीटर पुढे जायचे, तेथे यू-टर्न घ्यायचा आणि तेच ९०० मीटर परत यायचे. उलट दिशेने गेलो तर मागच्या बाजूचा छेद १५० मीटरवर आहे. सकाळी साडेआठला फाटकातून बाहेर पडणाऱ्या दहा दुचाकींपैकी किती जण डावीकडे वळत असतील, हे मी सांगायला नको. मीही त्यांतलाच होतो.

मागच्या वर्षी त्या १५० मीटरमध्ये एक आजी माझ्यासमोर रस्त्यावर उतरल्या. त्यांनी उजवीकडे पाहिले, वाहने जेथून यायला हवीत तेथे, आणि पाऊल टाकले. मी डावीकडून येत होतो. काही झाले नाही, परंतु त्यांनी माझ्याकडे जे पाहिले ते माझ्या लक्षात राहिले. तेव्हापासून मी ते १८०० मीटर जातो. तरीही माझा प्रश्न कायम आहे. छेद बंद करणाऱ्यांनी हे गणित केले होते का?

दुभाजक

हेल्मेटधारी, आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे आहे. छेद बंद करताना फक्त त्या जागेवरील कोंडी पाहिली जाते. लोक त्यानंतर कोणत्या वाटेने जातील, हे पाहिले जात नाही. माणूस पाण्यासारखा उताराने जातो. दोन छेदांमधील अंतर फार वाढले की उलट दिशेची वाहतूक सुरू होते, आणि यू-टर्नपेक्षा ती कितीतरी घातक असते. पादचाऱ्यांचेही तेच होते. छेद बंद झाला की लोक दुभाजकावरून उड्या मारून रस्ता ओलांडतात, मग कोणीतरी त्यावरचे लोखंडी गज वाकवतो आणि तेथे कायमची पायवाट पडते.

सदाशिवपेठी

येथे एक गंभीर गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध वाहन चालवणे हे कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक वाहनचालनात मोडते. त्याला पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. चुकीच्या यू-टर्नला ५०० आणि तो टाळण्यासाठी उलट दिशेने गेल्यास हे. तेव्हा १८०० मीटर वाचवण्यासाठी १५० मीटर उलटे जाणाऱ्यांनी हा हिशोबही करावा.

छेद बंद असण्याविषयी तक्रार करायची असेल तर ती कोणाकडे करावी, यातही लोकांची गल्लत होते. दुभाजक, रस्त्यावरील रेषा आणि पाट्या हे काम महापालिकेच्या पथ विभागाचे असते. कोणत्या ठिकाणी वळण्यास मनाई करायची, याचे आदेश वाहतूक पोलिसांकडून निघतात. त्यामुळे अर्ज दोन्हीकडे करावा, सोबत जागेचा साधा नकाशा जोडावा आणि दोन्ही बाजूंच्या छेदांचे अंतर मीटरमध्ये लिहावे. ‘नागरिकांची फार गैरसोय होते’ या वाक्याने काहीच हलत नाही, अंतराच्या आकड्याने कधीकधी हलते.

मुळाकाठ

दोन ठिकाणांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत, त्यामुळे तेथे दुकान मागे राहिले तर यू-टर्नचा प्रश्नच येत नाही, दुसऱ्या रस्त्याने पूर्ण फेरी मारूनच परत यावे लागते. लक्ष्मी रस्त्याचेही तेच. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बाहेर पडण्याचे वळण चुकले तर पुढच्या फाट्यापर्यंत जावेच लागते. तेथे कडेला थांबून गाडी मागे घेणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिले आहेत. १०० च्या वेगाने मागून येणारी गाडी एका सेकंदात २८ मीटर येते, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

आनंदनगरी

सर्वांचे मनापासून आभार. चूक आमची होती हे मान्य आहे, आणि सदाशिवपेठी यांचा राग आलेला नाही.

काल रविवारी सकाळी मी आणि मुलगी त्याच चौकात गाडी न घेता गेलो आणि पदपथावर उभे राहून दहा वेळा सिग्नल सुटताना पाहिला. समोरच्या बाजूने सलग सहा सेकंद मोकळे मिळाले असे दहापैकी एकदाच झाले, तेही दिवा पिवळा होण्याच्या बेतात असताना. रविवारी सकाळी ही स्थिती, तर संध्याकाळी सात वाजता काय असणार? नंतर पुढच्या छेदापर्यंत चालत गेलो. तो ३५० पावलांवर आहे, दुभाजक तेथे रुंद आहे आणि वळणाऱ्या गाड्यांना थांबायला वेगळी जागाही ठेवलेली आहे. संध्याकाळी मुलीने तेथूनच गाडी वळवली. चाके सरळ ठेवून थांबली, मान फिरवून मागे पाहिले, आणि तेवढ्यात एक दुचाकी खरोखरच आमच्या आतून निघून गेली. स्टिअरिंगमागे काकांना तिने नमस्कार सांगितला आहे.

चौकात उभे असताना आणखी एक गोष्ट मुलीच्या लक्षात आली. आपल्या उजवीकडच्या रस्त्यावरून येणाऱ्या वाहनांना तेथे डावे वळण कायम मोकळे आहे. म्हणजे समोरचा सिग्नल लाल असला आणि समोरून एकही गाडी येत नसली तरी, परत फिरणारी गाडी ज्या रस्त्यात शिरते त्याच रस्त्यात ही वाहने न थांबता येत राहतात. मी त्या चौकातून कितीतरी वर्षे ये-जा करते आहे आणि हे मी काल पहिल्यांदा पाहिले.